ओळखीचा पेशंट

४ फेब्रुवारी

नवं मशीन आज सुरू झालं. महिनाभर तळघराची भिंत फोडून ठेवली होती आणि त्या धुळीत मी कंपनीच्या इंजिनिअरच्या मागे वही घेऊन फिरत होतो. ती ही वही. शिकण्यासारखं होतं ते नऊ पानांत संपलं. उरलेली कोरी टाकायचं जिवावर आलं, म्हणून आता बाकीचंही लिहीन म्हणतो. बायको म्हणाली, "बावीस वर्षं घरी येऊन तोंडातून शब्द काढला नाहीत. बरंच साठलं असेल. दुसरी वही आणून ठेवू का?"

जुन्या एमआरआयवर लोकांची डोकी आणि पाठी बघता बघता मी पन्नाशी ओलांडली. आता प्रोस्टेट. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, साठीनंतर ती बहुतेकांना छळते. तिच्यात कॅन्सर लपला असेल तर डॉक्टरांच्या बोटाला लागेलच असं नाही. या मशीनवर तो दिसतो. चित्रं काढायचं काम माझं, वाचायचं आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमचं. त्या वरच्या मजल्यावर बसतात आणि एक ते पाच गुण देतात. शाळेच्या उलट कारभार, इथे कमी गुणवाला पास.

११ फेब्रुवारी

मॅडमनी आज सगळ्यांना बोलावून नियम सांगितला. प्रोस्टेटच्या प्रत्येक पेशंटला आधी एनिमा. ग्रंथीच्या अगदी मागे गुदाशय चिकटलेला असतो. त्यात हवा राहिली की डिफ्यूजनचं चित्र मागच्या कडेला ओढल्यासारखं होतं. कॅन्सर सगळ्यात उजळून दाखवतं ते हेच चित्र, आणि कॅन्सर बसतो तोही बहुधा मागच्याच कडेला. मॅडम म्हणाल्या, "हवा दिसली तर पेशंटला उठवा, पुन्हा सगळं करा. मला तसलं चित्र पाठवू नका."

एनिमा द्यायचं काम मामांचं. मामा कुणाचेच मामा नाहीत, वॉर्डातले जुने मदतनीस आहेत, पण सगळं हॉस्पिटल त्यांचं भाचं आहे. आज एक निवृत्त हेडमास्तर आले होते. कुशीवर वळताना म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना बाकावर उभं केलं, त्याची ही फेड." मामा गंभीरपणे म्हणाले, "सर, गुडघे पोटाशी घ्या."

८ मार्च

वहिनींचा फोन. दादाला रात्रीत पाच-सहा वेळा उठावं लागतं, हे त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितलं. तेही, "भाऊजी, मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका" अशी अट घालून. रक्ताची तपासणी केली तर प्रोस्टेटची खूण सांगणारं पीएसए आठ पॉइंट नऊ निघालं. चारच्या आत असावं. लघवीच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, म्हणजे बाप म्हणून मी पाहिला तो दादाच. जन्मभर लेथवर काम केलं त्यानं. आता निवृत्त आहे, पण हातात काही धरलं की अंगठ्यानं त्याची जाडी मोजतो. दादा-वहिनींना मूलबाळ नाही. मी शंभर किलोचा झालो तरी त्याच्या लेखी बारक्याच. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं मला बाजूला नेलं, बराच वेळ घसा साफ केला आणि म्हणाला, "जपून राहा." आमच्यात शरीर या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

मी वहिनींना म्हटलं, नंबरबिंबर लावायचा नाही. मी आहे ना.

१२ मार्च

दादाचा स्कॅन केला. रांग सहा आठवड्यांची आहे, मी त्याला जेवणाच्या सुट्टीत घेतलं. दीड वाजता मशीन मोकळं असतं, कुणाच्या पोटावर पाय नाही.

आल्या आल्या आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. लेथवाल्यांच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेला असतो, माणसाला पत्ताही नसतो, आणि आमचं मशीन म्हणजे केवढा थोरला लोहचुंबक. तो कीस हलला तर डोळा जायचा. छापील प्रश्नांत हा प्रश्न अकरावा आहे, पुष्कळजण तो घाईत पुढे ढकलतात. मी नाही ढकलला. एक्स-रे स्वच्छ आला. दादा म्हणाला, "बराच काटेकोर झालास की रे." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मला पन्नास वर्षं लागली.

मामा जेवायला गेले होते. थांबवून घेता आले असते, पण त्यांना साखर आहे, जेवणाची वेळ चुकवता येत नाही. म्हणजे एनिमा मलाच द्यावा लागला असता. दादा हॉस्पिटलचा झगा घालून उभा होता, मागच्या नाड्या एका हातानं घट्ट धरून. त्याला मी कुशीवर वळवायचं, गुडघे पोटाशी घ्या म्हणायचं? मी नळी हातात घेतली आणि परत ट्रेमध्ये ठेवली. सकाळी पोट साफ झालंच असेल माणसाचं. तो घड्याळासारखा आहे त्या बाबतीत.

मशीनमध्ये त्यानं हूं की चूं केलं नाही. अर्ध्या तासानं फक्त एकदा माइकवर आवाज आला, "झालं का रे?" डिफ्यूजनच्या चित्रात मागची कड जरा ओढली गेली होती. थोडीशीच. तेवढ्यात मॅडमचा वरून फोन आला, "मागे हवा दिसतेय. हे परत घेतलंत का?" मी म्हटलं, "घेतलं मॅडम, तसंच येतंय." परत घेतलं असतं तरी तसंच आलं असतं, आणि तोवर सुट्टी संपून बाहेर पेशंट जमले होते. मॅडमनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

दादाला दारापर्यंत सोडायला गेलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला फार बरं वाटलं आज.

१५ मार्च

दोन गुण! पाचापैकी दोन. संशयास्पद काही नाही. ग्रंथी वयानं मोठी झाली आहे, त्यामुळेच रक्तातला आकडा चढला असावा, असं लघवीचे डॉक्टर म्हणाले. सुई घालून तुकडा काढायची गरज नाही. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा, बास.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनींनी रिपोर्ट शब्द न् शब्द वाचला होता. त्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, हे काय? 'मागील भागाचे डिफ्यूजन चित्र हवेमुळे मर्यादित, आवश्यक वाटल्यास पुन्हा तपासणी करावी.'"

मी म्हटलं, "तसं लिहायची पद्धतच असते, वहिनी. उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं होतं म्हणायला."

दादा म्हणाला, "बारक्यानं स्वतः बघितलंय. तू आता काथ्याकूट करू नकोस."

२३ जून

दादाची रक्ततपासणी राहिलीय. फोन केला तर म्हणतो, लघवीची गोळी लागू पडलीय, आता रात्री दोनदाच उठतो, कशाला उगाच टोचून घ्या. मी जास्त ताणलं नाही. मीच पाहिलंय म्हटल्यावर तसा काही प्रश्न नाही.

मशीनवर आज शंभरावा प्रोस्टेट झाला. मामांनी सगळ्यांना चहा पाजला.

१४ सप्टेंबर

दादाची पाठ धरलीय. त्यानं एकट्यानं कपाट सरकवलं म्हणे, या वयात! वहिनींना म्हटलं, शेका आणि आठ दिवस त्याला काही उचलू देऊ नका. माझ्या हाताखालून रोज दहा पाठी जातात, साठीनंतर कुणाची धड नसते.

२९ नोव्हेंबर

दादा बारीक झालाय. पट्ट्याला त्यानं घरीच नवं भोक पाडलं, सुरेख गोल, कडा घासून काढलेल्या. मला दाखवत होता. मी म्हटलं, "मला पण शिकव हे बारीक होणं." हसला. पाठ अजून आहेच. दोन उशा लावून खुर्चीत बसतो.

वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं, "भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, थंडी आहे, दुखणारच. रक्ततपासणी मात्र आता करून घ्या.

३ डिसेंबर

रक्ततपासणी आली. पीएसए एकशे बेचाळीस.

प्रयोगशाळेत फोन केला. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. त्यांनी तोच नमुना पुन्हा लावला. एकशे चाळीस.

५ डिसेंबर

मी आज मशीनवर बसलो नाही. पोराटोरांसारखा बाहेर बाकावर बसलो आणि दुसऱ्या टेक्निशियननं दादाचा स्कॅन केला. पाठ, कंबर, प्रोस्टेट, सगळं. मामांनी दादाला आत नेलं, कुशीवर घेतलं, पाच मिनिटांत बाहेर आले. दादानं काही कुरकुर केली नाही. एवढंच होतं ते. पाच मिनिटं.

शेवटी राहवलं नाही, आत जाऊन पडद्यासमोर उभा राहिलो. मणक्यांत ठिकठिकाणी डाग. खुब्याच्या हाडात. आणि प्रोस्टेटच्या मागच्या कडेला, डावीकडे, बोराएवढा ठिपका दिव्यासारखा पेटलेला. वाचायला मॅडमची गरज नव्हती.

दुसरा टेक्निशियन माझ्याकडे बघेना. पेशंटच्या नातेवाइकाकडे आम्ही असंच न बघता काम करतो, मीच शिकवलंय त्याला.

९ डिसेंबर

मॅडमनी बोलावलं. त्यांच्या एका पडद्यावर मार्चमधला स्कॅन, दुसऱ्यावर आताचा. मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो. मार्चच्या चित्रात जिथे कड ओढली गेलीय, बरोबर तिथे आता तो ठिपका आहे. साध्या चित्रात तेव्हाही तिथे जरा काळपट होतं, माहीत असलं तर दिसतं, नसलं तर नाही.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही परत घेतलं म्हणाला होतात."

मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघितलं.

"डिफ्यूजनची सिरीज एकच आहे. प्रत्येक चित्रावर वेळ असते, तुम्हाला मी काय सांगायचं. परत घेतलेलं नाहीये. आणि हा वायू किती आहे बघा. एनिमा दिला होता?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मला वाटत होतं, त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी जिना उतरून खाली यायला हवं होतं. तुमचा भाऊ आहे म्हणून मी विचार केला, याच्याहून जास्त काळजी कोण घेणार. आणि दोन गुण देऊन मोकळी झाले." चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मी विचारलं, तेव्हा सापडलं असतं तर? म्हणाल्या, "माहीत नाही. आडदांड जातीचा दिसतोय. कदाचित तेव्हाही उशीर झाला असता. कदाचित नसता." हे कदाचित आता मला जन्मभर पुरेल.

त्या त्यांच्याकडून घडलेलं तेवढं वर, व्यवस्थापनाला, लिहून देणार आहेत. म्हणाल्या, "तुमचं तुम्ही द्या. आणि घरी सांगा. लोकांना कळायचा हक्क असतो."

१२ डिसेंबर

तीन ओळी लिहिल्या. फाडल्या. पुन्हा लिहिल्या. टेबलाच्या खणात ठेवल्यात.

२ जानेवारी

इंजेक्शनं सुरू झाली. पुरुषाचं संप्रेरक बंद करायचं, म्हणजे कॅन्सरची उपासमार होते. दादाला वाफा आल्यासारखं गरम होतं, भर थंडीत खिडकी उघडी टाकून बसतो. वहिनी शाल पांघरून समोर बसतात. दादा म्हणाला, "हिला जे पन्नाशीत झालं ते मला आता होतंय. तेव्हा मी हिला चिडवलं होतं. सगळं वसूल होतं बघ इथेच."

सांगायचं ठरवून गेलो होतो. वहिनींनी ताट वाढलं, मी जेवून आलो.

१७ फेब्रुवारी

आकडा एकशे चाळीसवरून अकरावर आला. वहिनींचा लगेच फोन आला. "तुम्ही होतात म्हणून, भाऊजी." डॉक्टर माझ्याशी वेगळं बोलले. म्हणाले, आकडा उतरलाय तो चांगल्या अर्थानं नसावा, कधीकधी रोग वेषांतर करतो आणि रक्तात खूण सोडायचं बंद करतो. यकृतावर दोन डाग आलेत.

मी वहिनींना आकडाच सांगितला.

२० मार्च

दादाच्या शेजाऱ्यांनी फोन केला, त्यांनाही प्रोस्टेटचा त्रास. वहिनींनी माझं नाव सुचवलं. "आमच्या दिराकडेच करा, घरच्यासारखं करतात." मी त्यांना रांगेत लावलं. सहा आठवडे. त्यांना राग आला असावा.

६ एप्रिल

आज सांगितलं.

वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. दादाचा पलंग पुढच्या खोलीत आणलाय, खिडकीपाशी. केमो झेपेना म्हणून थांबवलीय. त्याचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. मी पायाशी बसलो होतो, त्याच्या पायांना तेल लावत. हे मात्र मी आता करतो. आजारपणानं तेवढी सूट दिलीय आम्हाला.

मी म्हटलं, "दादा, तुझा पहिला स्कॅन नीट झाला नव्हता."

तो छताकडे बघत होता. "म्हणजे?"

"आधी एनिमा द्यायचा असतो. नाहीतर मागचं दिसत नाही. मी दिला नाही."

"का?"

"लाज वाटली."

तो म्हणाला, "कपडे बदलायच्या खोलीत दाराला कागद लावलाय तुमच्या. तपासणीपूर्वीच्या सूचना. मी वाचला होता."

"कधी?"

"तेव्हाच. म्हटलं, आता बारक्या आपल्याला आडवं करणार. घाम फुटला होता मला. मग तू आलास आणि काही बोललाच नाहीस, सरळ टेबलावर चढ म्हणालास. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मुद्दाम विचारलं नाही मी."

"दादा, विचारायचंस रे."

"तू सांगायचंस."

आणि तो हसायला लागला. हसताना त्याला कळा येत होत्या, तरी हसत होता. "आई असती तर दोघांना एका काठीनं झोडलं असतं. लाजाळूचं झाड नुसतं." मी त्याचे पाय धरून रडायला लागलो. माझ्यासारखा दांडगा माणूस रडताना फार वाईट दिसत असणार. त्यानं पायाच्या अंगठ्यानं माझा दंड ढोसला. "बास. ती येईल."

मग म्हणाला, "हिला सांगू नकोस."

"मॅडम म्हणतात, सांगायला हवं."

"मॅडमना काय जातंय. मी गेलो की हिला तू आणि तुझी बायको एवढंच घर आहे. भाऊ तिचा दोन दिवसांच्या वाटेवर. तुझ्यावर राग धरला तर जाईल कुठे ती? त्यापेक्षा नशीब म्हणू दे."

मी हो म्हटलं. रात्री घरी आल्यावर जाणवलं, मला दुःख झालंय तसंच सुटल्यासारखंही वाटतंय. दादानंच तोंड बंद ठेवायला सांगितलंय म्हटल्यावर माझा इलाज नाही. फोनवर मॅडमना खोटं बोललो ते मात्र मी सांगितलं नाही. त्यानं तेवढं खोलात विचारलं नव्हतं.

८ एप्रिल

खणातल्या तीन ओळी फाडून टाकल्या. त्या वर गेल्या असत्या तर कधी ना कधी घरापर्यंत आल्या असत्या. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुणासाठी करताय?" मी म्हटलं, दादासाठी. त्यांनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

३० मे

दादा आता फार बोलत नाही. कंबरेखाली संवेदना गेलीय. वहिनी त्याचं सगळं करतात, पुसणं, वळवणं, सगळं. आज मी मदतीला गेलो, त्याला कुशीवर घेतलं, गुडघे पोटाशी आणले. त्यानं डोळे मिटून घेतले. मीही दुसरीकडे बघत होतो. वहिनी म्हणाल्या, "दोघं भाऊ म्हणजे अगदी हे आहात. माणसाचं शरीरच आहे ना ते!"

२१ जून

दादा गेला. पहाटे. वहिनी त्याच्या शेजारी होत्या, मी नव्हतो.

२७ जून

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी एकच सांगतात. "आमच्याकडून काही कमी पडलं नाही. घरात एमआरआयवाले होते, रांगेत उभं राहावं लागलं नाही, पहिल्या दिवसापासून भाऊजींनी स्वतः केलं. पण रोगच असा." लोक माझ्याकडे बघून माना हलवतात. मी खाली बघतो. लोकांना वाटतं, दुःख.

१६ ऑगस्ट

वहिनींनी त्यांच्या भावाला बोलावून घेतलंय. एकसष्ट वर्षांचे आहेत. त्यांचंही पीएसए थोडं चढलंय, सहा. वहिनी म्हणाल्या, "यांचं उशिरा कळलं. याचं तरी वेळेत बघू. तुम्हीच करा भाऊजी, दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." मी नाही म्हणायला हवं होतं. कुठल्या तोंडानं म्हणणार?

पण या वेळी पद्धतशीर. खिडकीवर नाव नोंदवलं, कुणाचा रद्द झालेला नंबर मिळाला, परवाचा.

१८ ऑगस्ट

सगळे प्रश्न मोठ्यानं वाचून विचारले. एकही गाळला नाही. मामा नळी घेऊन आले आणि वहिनींच्या भावाला पडद्यामागे घेऊन गेले. वहिनी बाकावर बसल्या होत्या, भावाचा चष्मा आणि घड्याळ मांडीवर घेऊन.

"हे काय करताहेत त्याला?"

"पोट साफ करतात, वहिनी. आत हवा राहिली तर मागचं चित्र नीट येत नाही." दिवसातून दहा वेळा सांगतो मी हे, जिभेवर बसलंय. तोंडातून गेल्यावर लक्षात आलं.

वहिनी म्हणाल्या, "यांना नव्हतं केलं तुम्ही असं काही. तेव्हा घरी येऊन मला म्हणाले होते, फार भीती वाटत होती, पण बारक्यानं नुसतं झोपवलं आणि झालं."

माझ्या हातात पेन होतं. मी अर्जावर तारीख लिहायला लागलो, ती आधीच लिहिलेली होती.

"तेव्हा हा नियम नव्हता, वहिनी."

"कधी आला?"

"यंदा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मामा त्यांच्या भावाला घेऊन बाहेर आले, आणि त्या मामांना अगदी सहज म्हणाल्या, "बरीच वर्षं करत असाल तुम्ही हे काम?" मामा म्हणाले, "प्रोस्टेटचं ना, ताई? नवं मशीन आलं त्या आठवड्यापासून. दीड वर्ष झालं. मॅडमचा हुकूम आहे, एकालाही सोडायचं नाही." वहिनींनी मान डोलावली.

स्कॅन छान झाला. इतकं स्वच्छ डिफ्यूजन या महिन्यात आलं नव्हतं, मॅडमनी फोन करून सांगितलं. एक गुण. काही नाही. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा वहिनी "बरं झालं" म्हणाल्या, भावाला चष्मा दिला आणि त्याचा हात धरून जिना चढून गेल्या.

२० ऑगस्ट

वहिनींना तीनदा फोन केला. उचलला नाही. भाऊ परत जाणार, त्या गडबडीत असतील.

दुपारी रिसेप्शनवरच्या बाई खाली आल्या. म्हणाल्या, तुमच्या वहिनी सकाळी येऊन गेल्या, तुम्ही आत पेशंटबरोबर होतात म्हणून निरोप दिला नाही. त्यांनी दादांच्या स्कॅनची सीडी मागितली. दोन्हीच्या देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या, फक्त पहिल्याची, मार्चची. आणि ही कुठल्याही डॉक्टरला वाचता येते ना, असं दोनदा विचारून घेतलं.

"आता काय करणार हो त्या या सीडीचं?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, आठवण म्हणून हवी असेल.